शिवारातील पाखरांची ओळख

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना थोडे हसू येईल. पाखरे पाहावयाची असतात, हे खेड्यातल्या माणसाला सांगावयाचे कशाला? पहाटे कावळा ओरडतो, दारात चिमणी येते, नांगरामागे बगळे चालतात, जोंधळ्यावर भोरड्या उतरतात. जन्मापासून मरेपर्यंत पाखरे आपल्या भोवती असतात. शहरातल्या माणसाने दुर्बीण गळ्यात अडकवून, मोटार करून, रानात जावे आणि पाखरे पाहावीत. आम्हांला त्याचे काय अप्रूप? असे आपण म्हणाल, आणि ते बरेचसे खरेही आहे.

पण दिसणे वेगळे आणि पाहणे वेगळे. रोज ज्या विहिरीवर आपण मोटर चालू करावयास जातो, त्या विहिरीच्या काठी बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत असतात. ती झाडाच्या कोणत्या अंगाला असतात, असे कोणी अचानक विचारले तर आपल्यापैकी किती जण उत्तर देतील? टिटवी रोज रात्री ओरडते; पण तिची अंडी किती जणांनी पाहिली आहेत? डोळ्यांपुढून शंभर गोष्टी जातात, त्यांतल्या दोन-चार मनात उतरतात. त्या दोन-चारांच्या वीस-पंचवीस झाल्या, तर माणसाच्या आयुष्यात काय भर पडते, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

त्यासाठी मी कुंडल गावचे शिवार डोळ्यांपुढे ठेवतो. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातले हे गाव. पूर्वी हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे, आणि १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या दिवसांत कुंडलचे नाव साऱ्या महाराष्ट्रात गाजले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. क्रांतिसिंह नाना पाटील, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या आठवणी येथल्या वाटावाटांवर आहेत. कुस्तीच्या मैदानासाठीही कुंडल प्रसिद्ध आहे. परंतु पाखरांच्या दृष्टीने पाहिले तर या गावाचे भाग्य वेगळेच आहे. एका अंगाला झरी पार्श्वनाथ, गिरी पार्श्वनाथ यांचे डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी माळ. माळाखाली काळी जमीन आणि ऊस. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला येरळा. डोंगर, माळ, मळा आणि नदी ही चारही रूपे पायी फिरून पाहता यावीत, अशी गावे फार नसतात. प्रत्येक रूपाची पाखरे निराळी. म्हणून येथे ज्याला पाहावयाचे आहे, त्याला पाहण्यासारखे संपत नाही.

आता प्रथम नांगरटीच्या रानात जाऊ. बैलांचा नांगर असो की ट्रॅक्टर असो, माती उलटली की पाच-दहा मिनिटांत पांढरे बगळे येतात. हा गायबगळा. नदीकाठी मासे टिपत उभा असतो तो बगळा निराळा. याचे पोट किड्यांवर. गुरे चालली की गवतातले टोळ, नाकतोडे उडतात. ते हा टिपतो. म्हणून तो गाई-म्हशींच्या पायांशी असतो, आणि म्हणूनच नांगरामागे येतो. एरवी तो पांढराशुभ्र असतो. पण पावसाळ्याच्या सुमाराला, विणीच्या दिवसांत, त्याचे डोके आणि मान केशरी होते. पुष्कळांना वाटते की ही निराळीच जात आली. वर्षभर लक्ष ठेवणाऱ्याला मात्र रंग चढताना आणि उतरताना दिसतो.

त्याच रानात तारेवर एक काळेभोर पाखरू बसलेले असेल. शेपटी लांब, टोकाशी दुभंगलेली. हा कोतवाल. हे नाव त्याला कोणी उगीच दिलेले नाही. अंगाने साळुंकीएवढा, पण घार किंवा कावळा याच्या घरट्याजवळ फिरकला, की हा त्याच्या पाठीवर तुटून पडतो आणि शिवेबाहेर घालवून येतो. त्यामुळे होल्यासारखी गरीब पाखरे मुद्दाम कोतवालाच्या झाडावर घरटे बांधतात. गावात पाटलाच्या वाड्याशेजारी घर असले की चोराची भीती कमी, तसाच हा प्रकार! कोतवाल दिवसभर हवेत झेप घेऊन किडे धरतो. बांधावर एखादे झाड, निदान एखादी उभी काठी असली, तरी त्याला बसावयास जागा होते आणि पिकावरची राखण फुकट होते. बांधावरचे झाड तोडताना हा हिशेब आपण धरीत नाही.

आता विहिरीकडे वळू. सुगरण हा शब्द आपल्या भाषेत स्त्रीलिंगी आहे, आणि स्वयंपाकात हुशार बाईला आपण तेच नाव देतो. परंतु घरटे विणतो तो नर. पाऊस सुरू झाला की त्याच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग चढतो. उसाच्या, गवताच्या पात्याला तो कडेने चोच लावतो आणि उडताना लांब चिरी काढून नेतो. विणून विणून घरटे टोपीच्या आकाराचे झाले, की काम थांबवतो, आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावू लागतो. मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून पाहते. पसंत पडले तर राहते. मग नर खालची लांब नळी विणून घर पुरे करतो. पसंत पडले नाही तर ते अर्धे घर तसेच लोंबत राहते. आपल्या विहिरीवर अशी अर्धवट घरटी दिसतात, ती कोणी मोडलेली नसतात. ती नापसंत झालेली असतात. आणि घर पुरे झाले, मादी अंड्यांवर बसली, की हा गृहस्थ शेजारीच दुसरे घर विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी!

ही सारी हकीकत कोणी शोधली? पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांचे नाव आपण ऐकले असेल. जन्म १८९६ चा, मृत्यू १९८७ मध्ये. १९३० च्या सुमारास जर्मनीत शिकून ते परत आले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून ते अलिबागजवळ किहीम येथे येऊन राहिले. तेथे सुगरणींची वसाहत होती. ते रोज जाऊन बसू लागले. कोणता नर कोणते घरटे विणतो, कोणती मादी कधी आली, कोणते घर रिकामे राहिले, याची टिपणे त्यांनी ठेवली. त्यातून सुगरणीच्या संसाराची ही गोष्ट बाहेर आली आणि जगातल्या जाणत्यांनी ती वाखाणली. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. एक झाड, एक वही, आणि रोज तेथे जाऊन बसण्याची चिकाटी, एवढेच लागले. झाड आपल्याकडे आहे. वही बाजारात मिळते. उरलेले तिसरे ज्याचे त्याने आणावयाचे.

आणि अजूनही सर्व काही कळून चुकले आहे असे नाही. सुगरणीचा नर घरट्याच्या आत ओल्या मातीचे गोळे लावतो. कशासाठी? वाऱ्याने घरटे हेलकावू नये म्हणून वजन दिले आहे, असे कोणी म्हणतो. दुसऱ्याला ते पटत नाही. घरटी पुष्कळदा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, कारण पावसाचा वारा पश्चिमेकडून झोडपतो. आपल्या विहिरीवर तसेच आहे काय, हे शाळेतला पोरगा उद्या जाऊन मोजू शकेल. पुस्तकातले खरे आहे की नाही, हे आपल्या डोळ्यांनी पडताळून पाहण्याची सवय लहानपणी लागली, तर तो मुलगा पुढे बाजारात, सभेत, कोठेही सहजासहजी फसणार नाही.

आता माळावर चला. माळाची राणी म्हणजे टिटवी. हिच्याविषयी आपल्या मनात किती धास्ती! रात्री टिटवी ओरडली की म्हातारी माणसे चूळ भरतात, देवाचे नाव घेतात. कोणाचे तरी बरेवाईट होणार म्हणतात. आता टिटवीच्या बाजूने विचार करून पाहा. ती झाडावर बसत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे बाजूला सारून साधारण चार अंडी घालते. अंड्यांचा रंग हुबेहूब मातीचा. पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत. कोल्हा, कुत्रे, मुंगूस, माणूस, कोणीही अंधारातून त्या बाजूने निघाले, की तिने ओरडू नये तर काय करावे? तिचा ओरडा आपल्या मरणाचा निरोप नव्हे. आपल्या लेकरांसाठी घातलेली हाळी आहे.

भर उन्हाळ्यात दुपारी माळावर पाय ठेववत नाही, तेव्हा ही टिटवी अंड्यांवर उभी राहून सावली धरते. जवळपास पाणी असेल तर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते. नर आणि मादी आळीपाळीने राखण करतात. पिले बाहेर पडली की थोड्याच वेळात चालू लागतात, आणि आईने इशारा करताच जमिनीला चिकटून निपचित पडतात. मग हातभर अंतरावरूनही दिसत नाहीत. हे ज्याने एकदा पाहिले, त्याला टिटवीची भीती पुन्हा वाटत नाही. पाहण्याचा पहिला लाभ हाच आहे. अंधारातली भीती जाते आणि तिच्या जागी ओळख येते.

घुबडाचेही तसेच. जुन्या वाड्याच्या माळवदात, पडक्या भिंतीत गव्हाणी घुबड राहते. पांढुरके, बदामाच्या आकाराचे तोंड. त्याला पाहून पोरे दगड मारतात. मोठी माणसे अडवीत नाहीत. अंधश्रद्धेपायी तर काही लोक घुबडाचा जीवही घेतात. पण या पक्ष्याचे मुख्य अन्न कोणते? उंदीर. उसाचे, गव्हाचे, भुईमुगाचे उंदीर किती नुकसान करतात, ते मी सांगावयास नको. उंदरांसाठी आपण विष विकत आणतो, आणि विषाशिवाय काम करणाऱ्या गड्याला दगड मारतो. लहान पिंगळा तर दिवसाढवळ्या ढोलीच्या तोंडाशी बसून मान वळवून आपल्याकडे पाहत असतो. त्याच्या नावाने पहाटे दारी येणाऱ्या पिंगळ्याला आपण सुपातून धान्य घालतो, आणि खऱ्या पिंगळ्याची ढोली असलेले झाड मात्र सरपणाला तोडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना मारणे गुन्हा ठरवले आहे. परंतु कायदा ढोलीढोलीपाशी पहारा कसा करील? तेथे गावचे डोळेच लागतात.

श्रोतेहो, पाखरांचे एक पंचांगही असते. मृगाच्या आधी आंब्याच्या झाडातून पावशा ओरडू लागतो, आणि ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे शब्द आपल्या पूर्वजांनी त्याच्या तोंडी घातले. त्याच सुमाराला काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक येतो. तो फक्त पावसाचेच थेंब पितो, ही कवींची कल्पना. पण तो पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो, ही गोष्ट कल्पनेपेक्षाही नवलाची आहे. येथे आल्यावर तो आपले अंडे सातभाईसारख्या दुसऱ्या पाखरांच्या घरट्यात घालतो आणि पिलांची जबाबदारी त्यांच्यावर टाकून मोकळा होतो. पाऊस सरला, घटस्थापना जवळ आली, की पाणथळ जागी शेपटी खालीवर हालवीत धोबी दिसू लागतो. तो उत्तरेकडच्या थंड मुलखातून आलेला पाहुणा. थंडीत कृष्णेच्या पात्रात केशरी रंगाचे चक्रवाक उतरतात, तेही हिमालयाच्या बाजूचे. उन्हे तापू लागली की तांबट दिवसभर टुक्-टुक् करीत राहतो, जणू भांड्यावर हातोडी पडते आहे. कोणते पाखरू कोणत्या तिथीला आले आणि कोणत्या तिथीला गेले, याची नोंद दहा वर्षे कोणी ठेवली, तर त्या गावाला आपल्या हवापाण्याचा असा दाखला मिळेल, की जो कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

येथे भोरड्यांविषयी एक शब्द बोलणे भाग आहे. नाही तर शेतकरी म्हणतील, या गृहस्थाला आमचा तोटा दिसत नाही. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या थव्याने येतात आणि हुरड्यात आलेल्या जोंधळ्यावर बसतात. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागते. तोटा होतो हे खरे. परंतु हीच पाखरे टोळ आणि नाकतोडे यांचा फडशा पाडतात. मध्य आशियात, त्यांच्या माहेरी, टोळांचे शत्रू म्हणून ती प्रसिद्ध आहेत. म्हणून कणसे वाचवण्यासाठी त्यांना हाकलावे, गोफणीचा आवाज करावा. पण विषप्रयोग करू नये. शेजारी भांडखोर असला तरी त्याच्या विहिरीत कोणी विष टाकत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण करावेसे वाटले, तिकडे येतो.

कुंडलपासून जवळच सागरेश्वर आहे. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे, त्याच्या अंगाचा हा डोंगर. एके काळी तो उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी या डोंगरावर झाडे लावण्याचा ध्यास घेतला, लोकांना बरोबर घेतले, वनखात्याला हलवले. झाडे वाढली, सांबर, चितळ, काळवीट यांना आसरा मिळाला, आणि १९८५ मध्ये सागरेश्वर अभयारण्य म्हणून जाहीर झाले. क्षेत्र सारे १०.८७ चौरस किलोमीटर. मोठमोठ्या अभयारण्यांपुढे हे तळहाताएवढे; पण बहुतेक अभयारण्ये मुळात असलेले रान राखून झाली, आणि हे माणसांनी मेहनतीने उभे केले. आज तेथे मोरांची केका ऐकू येते. कुंडल गावीच वनखात्याची प्रबोधिनीही आहे; वनाधिकारी तेथे शिक्षण घेतात. असा वारसा असलेल्या भागात पाखरांची गोष्ट बोलावयास संकोच वाटू नये.

दुसरीकडे, याच मुलखात आणखी एक मोठा पालट झाला. ताकारी, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढले. ज्या शिवारात कुसळांशिवाय काही उगवत नव्हते, तेथे ऊस आणि द्राक्षे आली. ज्यांनी दुष्काळात छावणीवर जनावरे नेली आहेत, त्यांना हे पाणी म्हणजे काय ते ठाऊक आहे. ते आले नसते तर बरे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु पाण्याबरोबर माळ मोडला. सपाट केला, नांगरला, तोडून विकला. जो उरला त्याला कागदावर नाव आहे ‘पडीक’.

हा शब्द आपण जरा तपासून पाहिला पाहिजे. पडीक कोणाला? माळावर चंडोल आहे. तो गात गात आभाळात सरळ उंच चढतो आणि दगडासारखा खाली येतो. माळटिटवी आहे, साध्या टिटवीपेक्षा लहान आणि डोळ्यांपाशी पिवळी. लावा आणि तित्तर आहेत. रातवा आहे, जो दिवसा पाचोळ्यात मिसळून जातो आणि रात्री खट्-खट् आवाज करतो. धाविक आहे, तो उडण्यापेक्षा पळतो अधिक. ही पाखरे उसात राहत नाहीत. आणि ध्यानात घ्या, दाट झाडीतही राहत नाहीत. त्यांना आखूड गवत, खडे, आणि उघडे आभाळ लागते. सोलापूरकडे नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. केवढा डौलदार पक्षी! आज त्या माळावर तो दिसणे दुरापास्त झाले आहे. माळ गेला की माळाचे पाखरू दुसरीकडे बिऱ्हाड करीत नाही. ते नाहीसे होते.

म्हणून झाडे लावा हा उपदेश चांगला असला, तरी तो डोळे मिटून पाळावयाचा नाही. उघड्या डोंगरावर सागरेश्वर उभे राहिले, हे भूषण आहे. पण प्रत्येक माळावर खड्डे घेऊन रोपे लावणे म्हणजेच निसर्गसेवा, असे नव्हे. कोठे झाड हवे आणि कोठे गवतच हवे, हे कसे ठरवावयाचे? तेथे आधी कोण राहते, ते पाहून. आणि पाहिलेच नसेल तर ठरवणार कसे? पाखरे पाहणे हा रिकामपणचा उद्योग नव्हे, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी. ज्या गावाला आपल्या माळावर कोण राहते ते माहीत नाही, त्या गावाच्या सभेत माळाच्या बाजूने बोलावयास कोणीच नसते. ठराव होतो, यंत्र येते, आणि दोन दिवसांत काम उरकते.

मग करावयाचे काय? मी कोणाला ऊस मोडावयास सांगत नाही. गावठाणाजवळ गायरान असेल, त्यातला एखादा तुकडा गवतासाठीच राखावा. जनावरांना चारा होईल आणि चंडोलाला घर. बांधावरची एखादी बाभूळ, बोर राहू द्यावी. ओढ्याचा काठ यंत्राने खरवडून काढू नये. उसाचे पाचट पेटवू नये; त्या जाळात पिले, सरडे, गांडुळे सगळेच भाजते, आणि जमिनीचा ओलावाही जातो. पाचट सरीत ठेवले तर त्याचे खत होते, हे आता पुष्कळ शेतकरी अनुभवाने सांगतात. उन्हाळ्यात दारी मातीच्या परळात पाणी ठेवावे. यांत कोणाचे घर मोडत नाही.

आता शिक्षक मित्रांना उद्देशून थोडे बोलतो. आपल्या शाळेत निसर्गाचा धडा पुस्तकात असतो आणि निसर्ग खिडकीबाहेर असतो. दोहोंच्या मध्ये भिंत. महिन्यातून दोन सकाळी ती ओलांडावी. एका वेळी दहा-बारा मुले पुरेत. चाळीस नेली तर पाखरे दिसणार नाहीत, जत्रा दिसेल. गडद लाल, पांढरे कपडे नकोत. निघण्याआधी एकच नियम सांगावा: बोलावयाचे नाही, बोट दाखवावयाचे. एका जागी पंधरा मिनिटे बसवावे. पहिली पाच मिनिटे मुले चुळबूळ करतील. नंतरच्या पाचांत ऐकू लागतील. शेवटच्या पाचांत पाखरे त्यांना विसरतील आणि आपापल्या कामाला लागतील. जे पाहावयाचे असते ते या शेवटच्या पाच मिनिटांत. दुर्बीण असली तर उत्तम. नसली म्हणून अडत नाही.

परत आल्यावर वहीत चार गोष्टी लिहावयास सांगाव्यात. दिवस आणि वेळ, जागा, पाखरू, आणि ते काय करीत होते. चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. ‘साळुंकी पाहिली’ एवढे लिहिणारा मुलगा आणि ‘साळुंकी म्हशीच्या पाठीवर बसून गोचीड काढीत होती’ असे लिहिणारा मुलगा, या दोघांच्या पाहण्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. घरट्याला हात लावू नये, अंडी उचलू नयेत, फार जवळ जाऊ नये, हे मात्र पुनःपुन्हा बजावावे. ज्या मुलांच्या खिशात गलोल असते, त्यांना रागावू नका. त्यांनाच पुढे घाला. पाखरू कोठे बसते हे वर्गात सर्वांत जास्त त्यांनाच माहीत असते. स्वतः सालीम अली लहानपणी हवाई बंदुकीने चिमण्या मारीत. त्यांतल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, ती कोणती हे विचारावयास ते मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले, आणि तेथून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. नेम धरणारा डोळाच पुढे पाहणारा होऊ शकतो.

आणखी एक काम केवळ खेड्यातला शिक्षकच करू शकेल. पाखरांची गावठी नावे गोळा करावीत. भारद्वाजाला कोणी कुंभारकावळा म्हणतो. एका गावचे नाव दुसऱ्या गावी निराळे. ही नावे म्हाताऱ्या माणसांच्या, मेंढक्यांच्या, गुराख्यांच्या जिभेवर आहेत, आणि ती माणसे एकेक करून जात आहेत. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करता करता रानातल्या माणसांच्या तोंडून असे शब्द जन्मभर वेचले, आणि त्यांचा पक्षिकोश झाला. ते २०२५ मध्ये निवर्तले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालीम अलींचा १२ नोव्हेंबर. म्हणून २०२० पासून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. आपल्याच जिल्ह्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचे काम वर्षानुवर्षे केले, आणि रानात हिंडून पाखरांची चित्रे काढली, त्यांच्यावर लिहिले. माणदेशाच्या कोरड्या माळावर वाढलेल्या माणसाला पाहण्यासारखे इतके सापडले, तर कृष्णाकाठच्या आपल्याला का सापडू नये? शाळेच्या एका वहीत गावातली साठ-सत्तर नावे लिहिली गेली, तरी ती त्या गावची दौलत समजावी.

शेवटी कोणी विचारील, या सगळ्यातून मिळते काय? रुपये-आण्यात विचाराल तर काही नाही. पण पिकाला पाणी देताना रात्री दारे धरावी लागते. एकटा माणूस, अंधार, झोप. अशा वेळी रातव्याचा, पिंगळ्याचा, टिटवीचा आवाज ज्याला ओळखता येतो, तो एकटा राहत नाही. आजारपणात खाटेवर पडून राहावे लागले, तर खिडकीतली शिंजीर जास्वंदीच्या फुलात चोच घालताना पाहून त्याचा दिवस जातो. म्हातारपणी पाय थकले, मुले शहरात गेली, तरी ओट्यावर बसून त्याला सकाळची वाट पाहावीशी वाटते, कारण काल जे घरटे अर्धे होते ते आज किती झाले, हे त्याला बघावयाचे असते. ज्याला उद्याची अशी उत्सुकता आहे, त्याचे म्हातारपण जड जात नाही.

आणि दुसरे असे, की पाखराला घाई करून चालत नाही. ते आपल्या वेळेला येते. माणूस श्रीमंत असो, पुढारी असो, त्याच्यासाठी खंड्या एक क्षण आधी पाण्यात सूर मारीत नाही. तेथे सर्वांनी सारखेच गप्प बसावयाचे. अशी शांतपणे वाट पाहण्याची सवय अंगी बाणली, तर ती घरात, शेतात, शाळेत, सगळीकडे कामाला येते.

तेव्हा उद्या पहाटे तांबडे फुटताना घरातून बाहेर पडा. मोबाईल घरी ठेवा, किंवा निदान खिशात मुका करून ठेवा. विहिरीच्या काठी, ओढ्याच्या कडेला, नाही तर माळावरच्या एखाद्या धोंड्यावर अर्धा तास बसा. नावे येत नसली तरी हरकत नाही. नावे मागाहून येतील. बरोबर घरातले एक मूल घ्या. त्याला काही शिकवू नका. त्यालाच विचारा, ‘तुला काय दिसतंय?’ आणि ते जे सांगेल, ते लक्ष देऊन ऐका.